गिऱ्हाइकासमोर देवाचे नाव

गेल्या कार्तिकी एकादशीस भजन आटोपल्यावर सभामंडपात जी मंडळी मागे राहिली, त्यांच्यात एक प्रश्न निघाला. आपल्या सभासद कुटुंबांपैकी बहुतेकांची उपजीविका आज दुकानात, कचेरीत, बँकेच्या खिडकीशी किंवा दवाखान्यात, म्हणजे कोणत्या ना कोणत्या गिऱ्हाइकाशी बोलूनच चालते. तेव्हा कामावर असताना, समोर परका मनुष्य आपल्या गरजेने उभा असताना, आपल्या मनातील श्रद्धा त्याच्यापाशी बोलून दाखवावी किंवा नाही? एका वयोवृद्ध गृहस्थांचे म्हणणे पडले की, देवाचे नाव घेण्यास स्थळकाळ कशास पाहावा? त्यावर कचेरीत काम करणाऱ्या एका भगिनींनी सांगितले की, त्यांच्या शेजारच्या टेबलावरील गृहस्थ प्रत्येक येणाऱ्याच्या हाती आपल्या गुरूंचे पत्रक देतात, आणि लोक ते मुकाट्याने घेतात, कारण त्यांचा स्वतःचा कागद अजून त्याच टेबलावर अडकलेला असतो. यावर थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही.

या विषयावर पाठ लिहिण्याचे काम संपादक मंडळींनी आमच्याकडे दिले. आमचे शिक्षण शाळेपुरतेच, आणि शास्त्राचा आधार हवा असल्यास तीर्थरूपांना विचारल्यावाचून आमचे पान हालत नाही. तथापि या प्रश्नात आमची स्वतःची एक चूक गुंतलेली आहे, म्हणून हे काम आम्ही नाकारले नाही. ती चूक पुढे येईलच.

प्रथम एक गोष्ट मान्य करू. आपल्या बाजारात देवाचे नाव कोणी बाहेरून आणावे लागत नाही. ते मुळातच तेथे आहे. दिवाळीत वहीपूजन होते तेव्हा कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' उमटते आणि बाजूस 'शुभ' व 'लाभ' लिहिले जाते. धान्य मोजणारा जुना मापाडी पहिले माप टाकताना 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो, आणि मगच दोन, तीन असे पुढे जातो. मुसलमान व्यापाऱ्याच्या तोंडी त्याच जागी 'बरकत' हा शब्द येतो, आणि पुष्कळदा त्याच्या पावतीच्या माथ्यावर ७८६ हा आकडा असतो. शनवारा दरवाजाच्या आसपास सकाळी दुकाने उघडतात त्या वेळी फिरून पाहावे. कोठे उदबत्ती लागलेली असते, कोठे लोबानाचा धूर असतो, एकीकडून 'राम राम' ऐकू येते, दुसरीकडून 'सलाम' आणि तिसरीकडून 'जय श्रीकृष्ण'. मागावरून उठून आलेला मोमीन विणकर 'राम राम शेठ' म्हणतो तेव्हा त्याने आपला धर्म सोडला असे कोणास वाटत नाही. समोरच्या माणसास त्याच्या घरच्या शब्दाने हाक मारण्याची ही गावची रीत आहे.

आणि या रीतीचा एक दगडी दाखला आपल्या बऱ्हाणपुरातच आहे. फारुकी घराण्यातील आदिलशाह, ज्यास राजा अली खान असेही म्हणत, त्याने बांधविलेल्या जामा मशिदीत अरबी शिलालेखाबरोबर एक संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. त्यावरील काल विक्रम संवत १६४६, म्हणजे इ. स. १५९० असा आहे. त्यात राजाची वंशावळ आहे, पंचांगाप्रमाणे कालगणना आहे, आणि आरंभी सृष्टिकर्त्यास वंदन आहे. मशीद ती मशीदच राहिली. बांधविणाऱ्याने आपली श्रद्धा झाकली नाही. पण तो लेख वाचणाऱ्या शास्त्रीबुवांना आपल्या ओळखीची तिथी तेथे सापडते आणि त्या वंदनाशी अडखळावे लागत नाही. आम्ही लहानपणी तो लेख प्रथम पाहिला तेव्हा आम्हांस केवळ नवल वाटले होते. आता दुकानात उभे राहू लागल्यापासून त्यातील शहाणपण कळू लागले आहे.

आता संतांकडे वळू. आपल्या संतमालिकेत धंदा करणारे संत थोडे नाहीत. सावता महाराज माळी, गोरोबाकाका कुंभार, सेना महाराज न्हावी, आणि साक्षात तुकोबाराय वाणी. परंतु गिऱ्हाईक आणि श्रद्धा यांची प्रत्यक्ष गाठ पडलेली जी एक कथा आहे, ती पंढरपूरच्या नरहरी सोनारांची. महिपतीबुवा ताहराबादकरांनी १७६२ साली पूर्ण केलेल्या 'भक्तविजय' ग्रंथामुळे ती घरोघर पोहोचली. नरहरी हे कडवे शिवभक्त. राहणे पंढरपुरात, पण विठ्ठलाचे दर्शन घ्यावयाचे नाही, असा त्यांचा नेम. एका सावकाराने मुलगा व्हावा म्हणून विठ्ठलास सोन्याचा करगोटा वाहण्याचा नवस केला होता. नवस पावला आणि सावकार सोने घेऊन नरहरींच्या दुकानी आला. नरहरींनी आपला नेम त्यास स्पष्ट सांगितला: मी देवळात पाऊल टाकणार नाही, तुम्हीच माप आणून द्या. सावकाराने माप आणले. करगोटा घडला, पण मूर्तीस तो सैल झाला. पुन्हा घडविला, तर आखूड झाला. शेवटी नरहरी डोळ्यांस पट्टी बांधून देवळात गेले आणि हाताने चाचपून माप घेऊ लागले. हातास लागले ते व्याघ्रांबर आणि सर्प. पट्टी काढून पाहतात तो समोर विठ्ठल. पुन्हा बांधली, तर पुन्हा शंकर. तेथे त्यांचा भेद गळाला.

कीर्तनात ही कथा हरिहर एकच आहेत हे सांगण्यासाठी येते, आणि ते योग्यच आहे. पण आम्ही ती दुकानात काम करणाऱ्याच्या दृष्टीने पुनःपुन्हा वाचली तेव्हा दोन गोष्टी आम्हांस दिसल्या. पहिली अशी की, नरहरींनी आपली श्रद्धा गिऱ्हाइकापासून लपविली नाही, परंतु ती गिऱ्हाइकावर घातलीही नाही. 'तुमचा देव खोटा, हा नवस शंकरास फेडा,' असे ते सावकारास म्हणाले नाहीत. सोने परत केले नाही, कामही कमी मनाने केले नाही. माप चुकले तेव्हा पुन्हा घडवून दिले. नेमाचा सारा जाच त्यांनी स्वतःच्याच अंगावर घेतला, अगदी स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधण्यापर्यंत. दुसरी गोष्ट कीर्तनात सहसा सांगत नाहीत. तो करगोटा दोन वेळा बिघडला, तो त्या नेमामुळेच. सोनाराने स्वतः माप घ्यावयाचे असते, ते त्यांनी घेतले नाही. म्हणजे श्रद्धा आणि काम यांच्यात तेढ पडली तेव्हा नुकसान झाले ते कामाचे, आणि खेटे घालावे लागले ते सावकारास. कथा तेथेच थांबली असती तर नरहरी संत म्हणून नव्हे, हट्टी सोनार म्हणून लक्षात राहिले असते.

तुकोबारायांच्या चरित्रातील एक प्रसंगही येथे घेण्यासारखा आहे. देहूस त्यांच्या घराण्याची महाजनकी व सावकारी होती. मोठा दुष्काळ येऊन गेल्यावर त्यांनी ऋणकोंची खते इंद्रायणीत बुडविली, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु बुडविली ती केवळ आपल्या वाट्याची. धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याची खते त्यांनी वेगळी काढून त्यांच्या स्वाधीन केली, असे चरित्रकार सांगतात. आमच्यासारख्या नोकरी करणाऱ्यांनी हा तपशील विशेष ध्यानात घ्यावा. आपली भक्ती आपल्या मालातून करावी. मालकाच्या वेळातून, मालकाच्या तराजूतून आणि गिऱ्हाइकाच्या निकडीतून ती करण्याचा अधिकार आपणांस कोणी दिलेला नाही. शिवाय खत बुडविले त्या ऋणकोने भजनास येऊन बसावे, अशी अट तुकोबारायांनी घातल्याचे कोणी सांगत नाही.

सेना महाराजांची कथा मात्र जपून वापरावी लागते. राजाकडून बोलावणे आले असता ते पूजेत होते, आणि त्यांच्या रूपाने देवच राजाची हजामत करून आला, अशी ती कथा. आमच्या ओळखीचे एक तरुण कामावर उशिरा जाण्याच्या समर्थनार्थ ही कथा सांगत असतात. त्यांच्या जागी अद्याप कोणी येऊन गेल्याचे ऐकिवात नाही.

आता आमची चूक. आम्ही पहाटे देवळात तीर्थरूपांच्या हाताखाली पूजेची तयारी करतो, आणि दहा वाजल्यापासून एका औषधाच्या दुकानात मदतनीस म्हणून उभे राहतो. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या अखेरीस ओळखीच्या एक आजी नातीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आल्या. मुलीस विषमज्वर झाला होता आणि चौदा दिवसांच्या गोळ्या लिहिलेल्या होत्या. आजींनी कनवटीचे पैसे मोजले, पुन्हा मोजले, आणि विचारले, "बाळा, एवढ्या सगळ्या लागतात का रे?" येथे आमचे काम एवढेच होते की, त्या गोळ्या शेवटपर्यंत का घ्यावयाच्या हे त्यांस नीट समजावून सांगावे, आणि पैसे अपुरे असतील तर निम्म्या आज व निम्म्या आठवड्याने, अशी सोय करावी. ते आम्ही केले नाही. खिशातून देवाच्या अंगाऱ्याची पुडी काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि म्हणालो, "आजी, गोळ्या आहेतच, पण बरे करणारा तो आहे. हा अंगारा लावा, चार दिवसांत ताप उतरतो की नाही पाहा." दुकानात त्या वेळी आणखी तीन-चार माणसे होती. त्यांनी माना डोलावल्या आणि आम्हांस त्याचे सुख वाटले, हे लपविण्यात अर्थ नाही.

पाचव्या दिवशी ताप उतरला. औषध लागू पडल्यावर तो काही दिवसांत उतरतोच. पण रोगाचे जंतू शरीरातून जावयास सांगितलेला पूर्ण काळ औषध घ्यावे लागते. आजी हसतमुखाने दुकानात आल्या. "देवानेच उतरवला रे बाबा," असे म्हणून त्यांनी उरलेल्या गोळ्या पुढे केल्या आणि पैसे परत मागितले. मालक त्या वेळी बाहेर गेले होते. आम्ही गोळ्या घेतल्या आणि पैसे दिले. पंधरवड्याने ताप उलटला आणि मुलीस आठ दिवस दवाखान्यात ठेवावे लागले. ती बरी झाली. आता शाळेत जाते. आम्ही तेथे भेटावयास गेलो तेव्हा आजी आमच्यावर रागावतील अशी आमची तयारी होती. त्या रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आमचीच भक्ती कमी पडली रे."

वाचकहो, रागाचे चार शब्द आम्ही सहन केले असते. पण चूक आमची, आणि ती त्या बाईंनी आपल्या भक्तीच्या खाती मांडून घेतली, हे आजही आमच्या मनातून जात नाही.

घरी येऊन आम्ही सर्व हकीकत तीर्थरूपांना सांगितली. त्यांनी एकच विचारले, "अंगारा तिने मागितला होता का?" आम्ही नाही म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "मग तू दिलास कशाला? आपण देवळात हात पुढे आल्यावाचून कोणास तीर्थ घालतो का?" ते खरेच आहे. लहानपणापासून आम्ही ताम्हण धरून उभे राहत आलो आहोत. दर्शनास आलेला मनुष्य उजवा तळवा खोलगट करून पुढे करतो, तेव्हाच पळीतील तीर्थ त्यावर पडते. कोणी नुसताच नमस्कार करून गेला तर त्याच्यामागे पळी घेऊन धावत नाही. दुकानातही हात पुढे येतो, पण तो औषधासाठी, कापडासाठी, सुट्ट्या पैशांसाठी. त्या हातावर आपण दुसरेच काही ठेवले तर तो हात मागे घेणे त्यास अवघड जाते. नाही म्हटले तर दुकानदार रागावेल, काम अडेल, देवाचा अपमान होईल, अशी नाना भये त्याच्या मनात असतात. देवळातून मनुष्य केव्हाही पायऱ्या उतरून जाऊ शकतो. आजारी नातीची चिठ्ठी हाती असलेली आजी दुकानातून तशी जाऊ शकत नाही. त्यातून बोलणारा पुजाऱ्याचा मुलगा असला म्हणजे त्याच्या शब्दास दुप्पट वजन चढते, आणि ते वजन त्याने कमावलेलेही नसते.

कायद्याचाही येथे संबंध येतो. आपल्या राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदाने प्रत्येकास सद्सद्विवेकाचे, तसेच आपला धर्म उघडपणे मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे; परंतु सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. आरोग्य हा शब्द आम्ही पूर्वी वाचला होता, पण तेथे थांबलो नव्हतो. त्याखेरीज औषधे आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध १९५४ सालचा एक केंद्रीय कायदा आहे. ताईत, मंत्र, कवच इत्यादींनी रोग बरा होतो अशी जाहिरात त्याने निषिद्ध ठरविली असून, त्यातील जाहिरातीच्या व्याख्येत तोंडी घोषणाही येते. आमचे ते वाक्य जाहिरात होते की नव्हते, याचा खल वकिलांनी करावा. आम्हांस तो कायदा वाचून लाज वाटली, एवढे पुरे.

हा प्रश्न आपल्याच गावचा किंवा आपल्याच धर्माचा आहे असेही नाही. इंग्लंडात उत्तर सॉमरसेट भागात कॅरोलाइन पेट्री नावाच्या ख्रिस्ती परिचारिका घरोघर जाऊन रुग्णांची शुश्रूषा करीत. त्यांनी एका वृद्ध रुग्ण स्त्रीस विचारले, 'आपल्यासाठी प्रार्थना करू का?' बाईंनी नको म्हटले. एवढ्यावरून डिसेंबर २००८ मध्ये पेट्रीबाईंस कामावरून दूर ठेवण्यात आले, आणि पुष्कळ गवगवा झाल्यावर फेब्रुवारी २००९ मध्ये परत बोलावण्यात आले. आम्हांस विचाराल तर ही शिक्षा अधिक झाली. त्या बाईंनी विचारले तरी होते. आम्ही तेवढेही केले नव्हते.

त्याच देशातील दुसरे प्रकरण नादिया इवेडा यांचे. त्या ब्रिटिश एअरवेजच्या प्रवासी-नोंदणी खिडकीवर काम करीत. गळ्यातील लहानसा क्रूस गणवेशाखाली झाकावयास त्यांनी नकार दिला, म्हणून २००६ च्या सप्टेंबरात त्यांस बिनपगारी घरी बसावे लागले. त्याच कंपनीत शिखांस पगडी व मुसलमान स्त्रियांस हिजाब यांची मोकळीक होती. पुढे २००७ साली कंपनीने आपला नियम बदलला. आणि १५ जानेवारी २०१३ रोजी स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने इवेडाबाईंच्या बाजूने निर्णय दिला. मात्र त्याच निकालात एका परिचारिकेची मागणी फेटाळली गेली. तिच्याही गळ्यात क्रूसच होता. पण रुग्णाच्या वा तिच्या स्वतःच्या जिवास इजा होऊ नये म्हणून दवाखान्याने त्यास मनाई केली होती, आणि ते कारण न्यायालयास पटले. तसेच विवाह-नोंदणी करणाऱ्या एका अधिकारी स्त्रीने आपल्या धर्मश्रद्धेमुळे समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाची नोंदणी करण्यास नकार दिला होता, तिलाही न्यायालयाने साथ दिली नाही. आपल्या अंगावरचे चिन्ह ही एक गोष्ट, आणि समोर आलेल्यास त्याचे काम नाकारणे ही दुसरी, असा हा विवेक आहे. नरहरी सोनारांनी करगोटा घडवून दिला, हे येथे आठवावे.

तेव्हा कपाळीचा गंध पुसून कामावर जावे, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. आम्ही पूजेहून तसेच दुकानात जातो आणि मालकांनी त्याबद्दल कधी शब्द काढलेला नाही. आमच्याबरोबर काम करणारे एक मुसलमान मित्र शुक्रवारी नमाजास जातात, तेव्हा त्यांची गिऱ्हाइके आम्ही पाहतो. आणि आषाढीसाठी मुक्ताबाईंची पालखी निघते तेव्हा आम्ही मुक्ताईनगरास जातो, त्या दिवशी ते आमची पाहतात. कोणी गिऱ्हाइकाने आपण होऊन विचारले की, हा कोणत्या देवाचा फोटो, तुमच्या देवळात उत्सव केव्हा, तर अवश्य सांगावे, आनंदाने सांगावे. हात पुढे आलेला असतो.

उलट बाजारात सर्वांत अधिक ऐकू येणारे देवाचे नाव कोणते, याचाही विचार झाला पाहिजे. "देवाशपथ सांगतो शेठ, खरेदीच एवढ्याला आहे!" हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे आणि आपल्यापैकी काहींनी उच्चारलेलेही आहे. पत्रक वाटणाऱ्या गृहस्थांस आपण नावे ठेवतो. पण पाच-दहा रुपयांच्या नफ्यासाठी देवास साक्षीदार म्हणून उभे करणारा त्यांच्याहून पुढे गेला, असे आमचे मत आहे. या बाबतीत तीर्थरूप इतके कडक की, घरात कोणी सहज 'देवाशपथ' म्हटले तरी ते जेवता जेवता थांबतात.

दिवेलागणीच्या वेळेचाही प्रश्न काहींनी विचारला होता. पुष्कळ दुकानांत दिवाबत्ती होईपर्यंत गल्ल्यातून पैसे देत नाहीत, माल देत नाहीत. कापडाच्या किंवा भांड्यांच्या दुकानी गिऱ्हाईक पाच मिनिटे थांबले तर बिघडत नाही. आमच्या दुकानात तसे चालत नाही. एकदा मालक देवापुढे उदबत्ती ओवाळीत असताना एक विणकर धापा टाकीत आला; त्याच्या वडिलांस दम्याचा झटका आला होता. मालकांनी उदबत्ती डाव्या हाती घेतली, उजव्या हाताने फडताळातून औषध काढून दिले, पैसे मागाहून द्या असे सांगितले, आणि मग राहिलेली ओवाळणी पुरी केली.

त्या आजी अजून आमच्याच दुकानी येतात. गेल्या महिन्यात स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्यावर त्यांनी तळवा पुढे केला आणि म्हणाल्या, "अंगारा दे ना रे थोडा." आम्ही आता दुकानात पुडी बाळगत नाही. सात वाजता आरती आहे, तेथे या, असे त्यांस सांगितले. त्यांना वाचता येत नाही, म्हणून गोळ्यांच्या पाकिटावर सकाळच्या गोळीसाठी सूर्य काढून दिला, आणि ताप नसला, चक्कर नसली, तरीही रोज घ्यावयाची, हे तीन वेळा बजावले. तिसऱ्या वेळी त्या वैतागल्या. संध्याकाळी आरती सुरू झाल्यावर त्या नातीस घेऊन आल्या. आम्ही ताम्हण धरून उभे होतो. दोघींनी हात पुढे केले.